खोबऱ्याची वाटी आणि दारातले पार्सल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलायचे म्हणजे संस्कार, स्त्रीशिक्षण किंवा आहारशास्त्र असा एखादा भारदस्त विषय घ्यावा, अशी आपली रीत आहे. कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी 'पार्सल' असे सांगितले आणि दोघीतिघी हसल्या. हसल्या तर हसू द्या. पण गेल्या वर्षभरात भिशीला, हळदीकुंकवाला, तुंगार्लीच्या वाटेने फिरायला जाताना आपण अधिकात अधिक कशाबद्दल बोललो, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी मांडून पाहावा. कुणाचे पार्सल आले नाही, कुणाचे भलत्याच बंगल्यावर गेले, कुणाच्या लेकीच्या पेटीतले काहीतरी विमानतळावर काढून ठेवले. आपल्या घरांतून मुले गेली पुण्याला, बंगळुरूला, परदेशाला. मागे राहिलो आपण, आणि मधली सगळी माया आता खोक्यांतून ये-जा करते. तेव्हा या खोक्यांचा विचार करणे काही हलके काम नव्हे.

आधी दारात येणाऱ्या पार्सलाचे पाहू. वस्तू घरी आणून देणारा आणि पैसे दारात घेणारा माणूस ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या टपालखात्याने व्ही. पी.ची सोय 1877 सालीच काढली होती. पोस्टमनला पैसे द्यायचे आणि पुडके घ्यायचे. फरक इतकाच की पोस्टमन आपल्याला ओळखत असे. 'जोशीकाकू माहेरी गेल्या आहेत, सोमवारी येतील,' हे त्याला न सांगता ठाऊक असे. आजचा मुलगा दर दोन महिन्यांनी बदलतो, त्याच्या पाठीवर आपल्याएवढी पिशवी असते, आणि त्याला गाव दाखवतो तो हातातला फोन. फोनला आपल्या लोणावळ्याची घरे कशी कळावीत? आपल्याकडे घराला नंबर कमी आणि नावे फार. 'श्रमसाफल्य' नावाचे बंगले मीच तीन मोजले आहेत. त्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या मोटारींनी रस्ता अडलेला आणि आषाढ-श्रावणात दहा पावलांवरचे दिसत नाही असे धुके.

म्हणून पत्त्याची गोष्ट जरा विस्ताराने सांगते. पत्त्याखालचे जे सहा आकडे आपण घाईघाईने लिहितो, ते पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाले, आणि त्यांची योजना आपल्याच एका मराठी माणसाने केली. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी व नाटककार. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा, अनेक लिप्या. कारकुनाने पत्र टाकावे कोणत्या थैलीत, हा प्रश्न त्यांनी आकड्यांनी सोडवला. पहिला आकडा मोठ्या विभागाचा. आपला 4, तो महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा. पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी होते तो जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. आता पाहा, खंडाळा एक आपला आणि दुसरा सातारा जिल्ह्यातला, तालुक्याचा. वडगाव तर विचारूच नका. पुण्यातच वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे, आणि आपल्या तालुक्याचे ठाणे वडगाव मावळ. लोणावळा 410401, खंडाळा 410301, पण वडगाव मावळ 412106. तालुका एक, तरी सुरुवातीचे तीन आकडे वेगळे! मुलीने सासरहून पाठवलेली साडी आठ दिवस सातारकडे फिरून आली, असे एक भगिनी रागाने सांगत होत्या. राग योग्यच, पण मुलीच्या फोनमध्ये पत्ता कोणता साठवला आहे, तेही एकदा डोळ्यांखालून घालावे. पत्त्यात घराच्या नावाबरोबर एक न हलणारी खूण लिहावी. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी चालेल. 'चिक्कीच्या दुकानाजवळ' असे मात्र लोणावळ्यात लिहू नये.

मुलगा दाराशी आला की तो ओटीपी नावाचा आकडा मागतो. पार्सल हातात आल्यावरच तो सांगावा, 'आजी, आधी आकडा द्या, मग येतो,' असे फोनवर म्हणाला तर देऊ नये. कारण आकडा दिला की माल पोहोचला अशी नोंद होते. मी स्वतः व्हरांड्यात शेंगा सोलत बसले असताना, 'ग्राहक घरी नव्हते,' असा निरोप एका कंपनीकडून मला फोनवर आला आहे. शेंगांची टोपली साक्षीला होती, पण तिची साक्ष कोण घेतो? अशा वेळी त्या पोरावर खेकसून काही निघत नाही. त्याला खेपेमागे पैसे मिळतात, आणि आपल्याच मावळातल्या गावांतून, कामशेत-पवनानगरच्या अंगाने, शेती पुरत नाही म्हणून आलेली ही मुले आहेत. पावसात आला तर त्याला ओसरीवर घ्यावे, पाणी विचारावे. तक्रार करायची ती कंपनीकडे, आणि लेखी.

ती कशी करायची हे मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असते. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हापासून आपला प्रांत या बाबतीत जागा आहे. 1986 ला ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, 2019 ला तो नव्याने झाला, आणि 2020 साली घरबसल्या खरेदीसाठी निराळे नियम आले. त्यांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचे. त्याने दाद दिली नाही तर 1915 हा सरकारी दूरध्वनी आहे, तो फुकट आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. खोके फोडताना नातवंडाला फोनवर चित्रफीत घ्यायला लावावे. कुकरऐवजी वीट निघाली तर शब्दाला शब्द लागत नाही.

आता विमानतळाकडे वळते. हे दुःख निराळे आहे, कारण येथे जाते ते विकतचे नसते. आपण ओटी भरून लेकीला निरोप देतो. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी. लेक ती ओटी जपून मोठ्या पेटीत ठेवते, आणि तपासणीच्या यंत्रात पेटी अडते. नाव पुकारतात, पेटी उघडायला लावतात, आणि आईने दिलेली वाटी बाजूला काढली जाते. आपल्या एका सभासद भगिनीच्या मुलीवर असा प्रसंग आला, तेव्हा ती तेथेच रडली, आणि घरी फोन करून म्हणाली, 'आई, त्यांनी आपली ओटी काढून घेतली.' ऐकणारीच्या मनात काय काय आले असेल ते सांगायला नको. अपशकुन इथपासून आपल्या रीतीभातींचा अवमान इथपर्यंत.

पण अवमान कुणी केला नव्हता. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून अधिक तेल असते. ते दमट राहून कोंडले तर आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. आगबोटीने खोबरे नेणाऱ्या व्यापाऱ्यांना हे पूर्वीपासून माहीत होते. विमानवाहतुकीच्या जागतिक नियमांत ते धोक्याच्या मालात मोडते, आणि आपल्या नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने 2022 साली ते मोठ्या पेटीत ठेवायच्या मनाई असलेल्या वस्तूंत घातले. विमानाच्या पोटात धूर निघाला तर तो पाहायला तेथे माणूस नसतो. याच कारणाने फोनला वीज देणारी ती बॅटरीची पेटी, पॉवर बँक, उलट हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते, म्हणजे पेटली तर दिसते आणि विझवता येते. रीत आणि नियम यांचा मेळ घालताच येत नाही असेही नाही. शबरीमलैला जाणाऱ्या भाविकांसाठी सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये इरुमुडीतला नारळ तपासणी करून विमानात जवळ ठेवू दिला होता, 20 जानेवारी 2025 पर्यंत. आपण ओटी घरी देवासमोर भरावी, खण आणि हळकुंड लेकीबरोबर द्यावे आणि वाटी घरी ठेवून तिची बर्फी करून शेजारी वाटावी. माझ्या मते ओटीचे पुण्य त्याने उणे होत नाही. शास्त्र जाणणाऱ्यांचे मत निराळे असेल तर त्यांनी चहाच्या वेळी सांगावे.

लोणच्याची हकिकत सर्वांना माहीत आहे, कारण माहीत नाही. 2006 सालच्या ऑगस्टमध्ये लंडनला एक कट उघडकीस आला. शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव नेऊन अटलांटिकवरची विमाने आकाशातच उडवायचा तो बेत होता. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या विमानात हातातल्या पिशवीतल्या पातळ पदार्थाला 100 मिलिलिटरची मर्यादा आली, आणि भांड्याचा आकार घेईल ते सगळे पातळ धरले जाते. तेलातले लोणचे, तूप, मध, गुलकंद, श्रीखंड ही सगळी त्यात आली. बरणी मोठी आणि लोणचे तळाशी, हेही चालत नाही. मोजतात ते बरणीला. म्हणून लोणचे मोठ्या पेटीत, दुहेरी पिशवीत. आपली चिक्की मात्र कोरडी, तिला सहसा कोणी अडवत नाही. आता 25 डिसेंबर 2025 पासून घाटाखाली नवी मुंबईचाही विमानतळ वाहतुकीला खुला झाला आहे. आपल्याला तो मुंबईपेक्षा जवळ. जवळ म्हणून उशिरा निघू नये, घाट तोच आहे.

आपल्या विमानतळावरून सुटले तरी उतरण्याच्या देशात पुन्हा तपासणी असते आणि तेथली कारणे शेतकऱ्याची असतात, हे मला फार मनोरंजक वाटते. आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी तांदूळ आपण कौतुकाने अमेरिकेला द्यायला जातो. तो तेथे काढून घेतात, कारण 'खापरा' नावाचा धान्यातला किडा. नाव आपलेच, आणि तो आहे अशा देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणू नये असा नियम तेथे 2011 पासून आहे. ऑस्ट्रेलियात पेढा-बर्फी चालत नाही, कारण आपल्या गुरांना होणारी लाळ्या-खुरकुत. ज्या मावळात दूध हा जोडधंदा आहे तेथे हे समजायला अवघड जाऊ नये. तेथे उतरताना मिळणाऱ्या कागदावर जवळचा खाऊ सरळ लिहावा. लिहिला आणि नको असला तर तो काढून घेतात. लपवला तर दंड बसतो. सगळ्यांत सांभाळायची ती खसखस. करंजीच्या सारणात ती असते, अनारशावर असते, कित्येक घरच्या मसाल्यातही असते. दुबईच्या बाजूला, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, ती अंमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे आणि सिंगापुरात परवानगीवाचून नेता येत नाही. तेथे प्रश्न करंजी जाण्याचा नसून मुलाला ठाण्यावर बसवण्याचा असतो. तिकडे जाणाऱ्याच्या डब्यातले अनारसे बिनखसखशीचे, एवढे प्रत्येकीने आजपासून ठरवावे.

आणि सगळे नियम पाळूनही कधी वाटच बंद होते. अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या लहान पार्सलांची जकातमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून काढली. जकात कोणी, कशी वसूल करायची हे विमान कंपन्यांना कळेना, म्हणून आपल्या टपालखात्याने 25 ऑगस्टपासून तिकडचा बहुतेक माल घेणे थांबवले. पत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू घेऊ असे आधी सांगितले, पण महिनाअखेरीस तेही बंद झाले. दोन दिवसांवर गणपती होते. वाट उघडली ती 15 ऑक्टोबरला, वसुबारस दारात आली तेव्हा. त्या दिवाळीत किती घरी चकल्या डब्यात भरून तशाच फडताळात राहिल्या! खाजगी कुरिअरचे दर ऐकून दोघीजणींनी तर भाजणीची कृतीच मुलांना फोनवर सांगितली, आणि एका जावयाने ती म्हणे उत्तम केली.

नियम समजून घ्या असे मी इतके आग्रहाने का म्हणते, ते आता सांगते. या अडवणुकीची आपल्या मनात जी भीती बसली आहे, ती चोरांनी ओळखली आहे. फोन येतो, 'तुमच्या नावाचे पार्सल मुंबई विमानतळावर पकडले आहे, त्यात अंमली पदार्थ आहेत.' मग पोलिसाच्या वेषातला माणूस फोनच्या पडद्यावर येतो, खोली सोडू नका, कुणाशी बोलू नका म्हणतो, आणि तपासणीसाठी म्हणून बँकेतले पैसे पाठवायला लावतो. याला 'डिजिटल अटक' असे नाव पडले आहे. अशी अटक कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या आकाशवाणीवरील भाषणात ते सांगितले. आपल्याच गावातल्या एक आजी, मुलगा परदेशी, नुकताच त्याला खाऊ पाठवलेला, सकाळपासून दुपारपर्यंत दार लावून बसल्या होत्या. ठेवीची पावती पिशवीत घातली होती. शेजारीण भाजीची वाटी परत द्यायला आली आणि दार वाजवतच राहिली, म्हणून त्या वाचल्या. खरा कस्टमवाला कागद पाठवतो. तो पडद्यावर येऊन पैसे मागत नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच तर त्याच घटकेला 1930 वर कळवावे, कारण लवकर कळवले तर ते वाटेत अडवता येतात. लाजेने दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचे पैसे सहसा परत येत नाहीत. आणि शेजारणीचे दार दुपारपर्यंत उघडले नाही तर वाटी द्यायची असो नसो, वाजवावे.

1915 आणि 1930 हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून मंडळाच्या फळ्याशेजारी लावले आहेत. ज्यांना चष्म्यावाचून दिसत नाही त्यांनी तेथून उतरवून घेऊन घरी फोनजवळ चिकटवावेत. मंडळाने पेट्या तोलायला एक टांगता काटाही घेतला आहे. मुले-नातवंडे निघायची असतील त्यांनी गुरुवारी दुपारी चार ते सहा या वेळात पेटी घेऊन यावे. वजन करू, आणि आतले एकदा दोघी मिळून पाहू. कपाटाची किल्ली चिटणीसबाईंकडे आहे.