पांढरी अंगठी मोडायला निघालो तेव्हा

आम्ही शिरगावच्या बचत गटातल्या बायका.

मागच्या बैठकीला आमच्यातली एक जण रुमालात बांधून पांढरी अंगठी घेऊन आली. लेकाच्या साखरपुड्यातली, प्लॅटिनमची. जाळ्यांसाठी पैसे हवे होते म्हणून मोडायला गेली, तर सोनार म्हणाला, "वहिनी, खोटी नाही, पण माझ्या आचेवर ही वितळायची नाही."

आम्हाला वाटलं, फसवलं हिला. मग भिंगातून आतली बाजू पाहिली. छाप होता, पीटी ९५०. म्हणजे हजार भागांत ९५० भाग प्लॅटिनम. उरलेले ५० भाग रुथेनियम, इरिडियम किंवा कोबाल्टसारख्या धातूचे. ती भेसळ नव्हे हं! निव्वळ प्लॅटिनम मऊ असतं, म्हणून कणखरपणासाठी ते घालावंच लागतं. आपलं २२ कॅरेट सोनं तरी कुठे पूर्ण असतं? तेही ९१६च.

सोनारही खरंच बोलत होता. सोनं १०६४ अंशांला वितळतं, प्लॅटिनमला १७६८ लागतात. सोनेतारण कर्जाला विचारलं, तिथेही प्लॅटिनम धरत नाहीत. माल अस्सल, पण अडीनडीला हातात पैसा नाही!

शेजारी चिंचणीकडे दागिन्यांचे डाय कोरतात, त्यामुळे नक्षीतलं आम्हाला बरंच कळतं. धातूतलं कळत नाही, ते त्या दिवशी उमगलं. पांढरं दिसतं ते सगळं प्लॅटिनम नसतं. व्हाइट गोल्ड म्हणजे सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून वर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा. छाप ७५० असेल तर ते १८ कॅरेट सोनं. मुलामा झिजला की पिवळसर झाक येते. प्लॅटिनमचा रंग आतबाहेर एकच, आणि तेवढ्याच आकाराच्या सोन्याहून ते जड.

सोन्याच्या हॉलमार्कवरचा सहा अक्षरांकांचा एचयूआयडी आपण बीआयएस केअर अॅपवर तपासतो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला त्याशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. प्लॅटिनमला तशी सक्ती नाही. म्हणून घेतानाच पावतीवर धातू, ९५० चा आकडा, धातूचं वजन, खड्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. परत घेणार का, कुठल्या भावाने, किती कापून, हेही लेखी मागा. लाजू नका, पैसे आपले आहेत.

आमच्या मैत्रिणीची पावती शेवटी तांदळाच्या डब्यात सापडली. गुरुवारी तिच्याबरोबर आम्ही दोघी त्या दुकानात जाणार आहोत.