ओले अंथरूण आणि निर्दोष मूल

सकाळी गॅलरीच्या कठड्यावर एक गोधडी वाळत पडते. शेजारीण ती पाहते आणि काही बोलत नाही; मोठा भाऊ पाहतो आणि मुद्दाम बोलतो. सहा वर्षांचा धाकटा मात्र दुधाचा पेला हातात धरून खाली मान घालून बसलेला असतो. सुट्टीत मामाच्या गावी जाण्याची गोष्ट निघाली, की इतर भावंडे उड्या मारतात आणि हा म्हणतो, ‘मला नाही जायचे.’ कारण तो कोणालाच सांगत नाही. ते त्या गोधडीला ठाऊक असते.

या तक्रारीवर घरोघर दोन उपाय चालत आले आहेत: एक रागावण्याचा, दुसरा हसण्याचा. दोहोंच्या मुळाशी समजूत एकच, की मूल आळसाने किंवा हट्टाने अंथरूण ओले करते. ही समजूत खरी नाही. जागेपणी केलेल्या खोडीबद्दल मुलाला जाब विचारता येईल. गाढ झोपेत जे घडले, त्याचा जाब ते कोणत्या तोंडाने देणार?

रात्री शरीरात एक अंतःस्राव वाढतो आणि त्यामुळे मूत्र कमी तयार होते. काही मुलांत ही वाढ उशिरा सुरू होते. काहींचे मूत्राशय रात्री पुरेसे मूत्र साठवू शकत नाही. आणि मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचूनही झोप मोडत नाही, हे तर या बहुतेक मुलांचे लक्षण होय. दात कोणाला लवकर येतात, कोणाला उशिरा. तसेच हेही आहे. म्हणूनच पाच वर्षांपर्यंत वैद्यकशास्त्र याला विकार मानीत नाही. पाचव्या वर्षी शंभरांतील सुमारे १५ मुले अंथरूण ओले करतात आणि पुढे दरवर्षी त्यांतील साधारण १५ टक्के मुले आपोआप कोरडी राहू लागतात. हा वारसाही असतो. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी ही तक्रार असेल, तर मुलाला ती असण्याचा संभव बराच वाढतो; दोघांनाही असेल, तर त्याहून अधिक.

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांना आठव्या वर्षी वसतिगृहाच्या शाळेत याच कारणासाठी छडीचा मार खावा लागला. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तो प्रसंग आला आहे. मार विसरला गेला असता. पण आपण न केलेल्या, केवळ आपल्या बाबतीत घडलेल्या गोष्टीनेही आपण पापी ठरतो, ही भावना त्या मुलाच्या मनात घर करून राहिली. शिक्षेचे खरे मोल ते हे.

मग घरच्यांनी करावे काय? पाणी तोडू नये. ते दिवसभरात नीट वाटून द्यावे आणि सायंकाळनंतर बेताने द्यावे. चहा, कॉफी व कोला रात्री नको. दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि निजण्यापूर्वी न चुकता लघवीला जाण्याची सवय लावावी. बद्धकोष्ठ असेल, तर ते आधी दूर करावे, कारण भरलेले आतडे मूत्राशयाला दाबते. रात्री वाटेत दिवा ठेवावा. गादीवर मेणकापड घालावे. चादर बदलण्यात मुलाची मदत घ्यावी, पण ती शिक्षा म्हणून नव्हे.

सहा-सात वर्षांनंतरही तक्रार राहिली आणि मुलालाच ती जाचू लागली, तर गजराचे यंत्र उपयोगी पडते. त्याची जन्मकथा मौजेची आहे. १९०४ साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने अंथरूण ओले झाल्याचे परिचारिकांना कळावे म्हणून घंटा बसवली, तो मुलेच कोरडी राहू लागली! १९३८ साली अमेरिकेत मौरर दांपत्याने तिचा उपचार म्हणून पद्धतशीर वापर केला. गजर होताच मुलाला पूर्ण जागे करून उठवावे लागते आणि असे दोन-तीन महिने नेटाने चालवावे लागते. बऱ्याच मुलांना त्याने गुण येतो. औषधेही आहेत; परंतु ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत.

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, लघवीला जळजळ होऊ लागली, दिवसाही कपडे ओले होऊ लागले, किंवा फार तहान लागून वजन घटू लागले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. मधुमेह किंवा मूत्रमार्गाचा दाह यांची ती सूचना असू शकते. घरात नवे बाळ आले, शाळा बदलली, घरात भांडणे झाली, तरीही असे घडते. तेथे औषधाहून जवळ घेणे अधिक गुणकारी.

आणि एक उपाय बिनपैशाचा आहे. ज्या घरात वडिलांनाच लहानपणी ही तक्रार होती, तेथे एके रात्री त्यांनी मुलाच्या उशाशी बसून हळूच म्हणावे, ‘माझेही असेच होत असे बरे का, आणि मग ते थांबले.’ गोधडी दुसऱ्या दिवशी कदाचित ओलीच निघेल. पण त्या सकाळी मुलाची मान खाली नसेल आणि मामाच्या गावी जाण्याची गोष्ट निघाली, तर तेही विचारील, ‘आपण कधी निघायचे?’