वैऱ्यावर प्रेम म्हणजे काय?

(एका खेड्यांतील शाळामास्तरानें केलेलें भाषण)



बांधाच्या भांडणापायीं कोर्टाची पायरी न चढलेलें घर आपल्या गांवांत विरळाच. वीतभर बांध कोरला म्हणून दोन दोन पिढ्या बोलत नाहींत, आणि वकिलाच्या फीपायीं अख्खें शेत जातें. म्हणून आज ख्रिस्ताच्या एका शिकवणीविषयीं बोलतों. मी ख्रिस्ती नाहीं. कोणी व्हावें असेंहि सांगत नाहीं. बीं कोणाच्या कणगींतलें हें आपण पाहत नाहीं. उगवतें कीं नाहीं, एवढेंच पाहतों.

येशूनें डोंगरावरील प्रवचनांत सांगितलें, कीं वैऱ्यावरहि प्रेम करा. देवाचा पाऊस भल्यावर पडतो तसाच बुऱ्यावरहि पडतो. ऐकावयास गोड, पण करणार कोण? करणारे निघाले, ते आपल्यासारखेच शेतकरी व सुतार आहेत.

अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत आमिश नांवाचे ख्रिस्ती लोक राहतात. घोडागाडी हांकावी, साधा पोषाख करावा, सूड घेऊं नये, ही त्यांची रीत. तेथें निकेल माइन्स गांवीं त्यांची एका खोलीची शाळा होती. ता. २ ऑक्टोबर २००६ रोजीं एक मनुष्य बंदूक घेऊन तींत शिरला. तो परका नव्हता. त्याच भागांतील गोठ्यांवरून दूध गोळा करून नेणारा गाडीवाला होता. त्यानें मुलगे बाहेर काढले, दहा मुलींवर गोळ्या झाडल्या व स्वतःलाहि मारून घेतलें. पांच मुली गेल्या.

मी मास्तर आहें. हें वाचलें तेव्हां माझ्या वर्गांतील पोरींचीं तोंडें डोळ्यांपुढें आलीं, आणि क्षमेचा विचार मनाला शिवलाहि नाहीं.

त्या लोकांनीं काय केलें? त्याच दिवशीं कांहीं जण मारेकऱ्याच्या घरच्या माणसांकडे गेले, आणि तुमच्यावर आमचा राग नाहीं म्हणून सांगितलें. त्याच्या मूठमातीला जमलेल्यांत निम्म्याहून अधिक आमिश होते. आदल्या दोन दिवसांत ज्यांनीं आपल्या मुली पुरल्या, असे आईबापहि त्यांत होते. मदतीच्या पैशांतून त्याच्या विधवेला व पोरांनाहि वांटा दिला. ती शाळा दहा दिवसांत पाडली, आणि एप्रिल २००७ मध्यें जवळच नवी उघडली.

हें सोपें होतें असें समजूं नका. क्षमा एकदां करून भागत नाहीं. राग परत येतो, ती पुन्हां करावी लागते, असें तेच लोक सांगतात.

कोणी विचारील, मग जुलूम मुकाट सोसावा काय? मुळींच नाहीं. त्या शाळेच्या तरुण मास्तरणीनें शेजारच्या मळ्यावर धांवत जाऊन पोलिसांना बोलावणें पाठविलेंच. गुन्ह्याला गुन्हाच म्हणावें. आणि मारणारानेंच मार खाणाराला क्षमेचा उपदेश करावा, ही तर शुद्ध लबाडी होय. क्षमा करणें न करणें, ज्याला लागलें त्याच्याच हातीं आहे. पण गुन्हेगाराच्या बायकापोरांनीं काय केलें?

आतां आपल्या बांधाकडे येऊं. तुमच्या भाऊबंदानें कोणाचा जीव घेतला नाहीं; वीतभर माती नेली. सरकारी मोजणी अवश्य करवा, हद्दीचे दगड रोवा. परंतु त्याच्या घरीं मयत झाली तर खांदा द्यावयास जा. रात्रीं त्याची म्हैस अडली तर कंदील घेऊन जा. तो येणार नाहीं असें म्हणून थांबूं नका. कोणीतरी आधीं जावेंच लागतें.