वूडीची गोष्ट कुठे संपते?



'टॉय स्टोरी'च्या चाहत्यांमध्ये २०१९ सालापासून एक वाद पेटलेला आहे आणि तो अजून विझलेला नाही. एक बाजू म्हणते, ही गोष्ट २०१० साली तिसऱ्या भागात संपली. पुरती संपली. चौथा भाग काढायलाच नको होता. दुसरी बाजू म्हणते, चौथा भाग आला नसता तर वूडीवर अन्याय झाला असता. दोन्ही भागांना सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेलं आहे आणि दोघांचाही जगभरातला गल्ला शंभर कोटी डॉलरच्या वर गेलेला आहे. त्यामुळे पुरस्कार दाखवून किंवा आकडे मांडून कोणालाच गप्प बसवता येत नाही. पडद्यावर काय घडतं तेच बघावं लागतं.

ज्यांनी हे सिनेमे पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला 'टॉय स्टोरी' १९९५ सालचा, पिक्सारचा, जॉन लॅसेटर यांनी दिग्दर्शित केलेला. संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. अँडी नावाचा लहान मुलगा आहे आणि त्याची खेळणी माणसांची पाठ वळली की जिवंत होतात. वूडी हा कापडी काउबॉय अँडीचा सर्वांत लाडका. त्याच्या बुटाच्या तळव्यावर अँडीने आपलं नाव लिहून ठेवलेलं आहे. मग वाढदिवसाला बझ लाइटइयर नावाचा चकचकीत अंतराळवीर घरात येतो आणि वूडीची जागा डळमळते.

वूडीचा सगळा स्वभाव या भीतीतून घडलेला आहे. आपली जागा जाईल, ही ती भीती. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये पिक्सारने डिस्नेला जो कच्चा खर्डा दाखवला, त्यात वूडी इतका मत्सरी आणि उर्मट होता की डिस्नेने कामच थांबवलं. पटकथा नव्याने लिहिली गेली, वूडी प्रेमळ झाला. भीती मात्र तशीच राहिली, आणि पुढची पंचवीस वर्षं ही मालिका तिच्यावर उभी आहे.

आता तिसऱ्या भागाच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू भक्कम आहे. अँडी सतरा वर्षांचा झालाय, कॉलेजला निघालाय. खेळणी पोटमाळ्यावर जायची, ती चुकून कचऱ्याच्या वाटेला लागतात आणि तिथून एका पाळणाघरात पोचतात. त्या पाळणाघरावर लॉटसो नावाच्या गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या अस्वलाची हुकूमत आहे. शेवटाकडे ही सगळी मंडळी कचऱ्याच्या भट्टीत घसरत जातात. समोर आगीचा लोळ. सुटकेचा मार्ग उरलेला नाही हे जेसी या काउगर्ल बाहुलीला कळतं, ती बझकडे बघते, आणि बझ काही न बोलता तिचा हात धरतो. मग एकेक जण शेजारच्याचा हात धरतो. सर्वांत शेवटी वूडी. त्या काही क्षणांत कोणी एक शब्द उच्चारत नाही. मुलांच्या सिनेमात मृत्यूला इतक्या समोरून सामोरं जाणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

आणि त्यानंतर तो शेवट. अँडी खेळण्यांचं खोकं घेऊन बॉनी नावाच्या लहान मुलीच्या अंगणात येतो. एकेक खेळणं बाहेर काढून तिच्या हातात देतो, प्रत्येकाचं नाव सांगतो, गुण सांगतो. खोक्याच्या तळाशी वूडी निघतो. त्याला आपण इथे आणलंय हे अँडीलाच ठाऊक नसतं, कारण खोक्यावरची चिठ्ठी वूडीने लिहिलेली असते. बॉनी वूडीला घ्यायला हात पुढे करते आणि अँडी नकळत त्याला मागे ओढतो. सतरा वर्षांचा, गाडी चालवत आलेला मुलगा, आणि क्षणभर तो पुन्हा सहा वर्षांचा होतो. मग देतो. देऊन लगेच निघून जात नाही, तिच्यासोबत गवतावर बसून शेवटचं खेळून घेतो. पहिल्या भागात अँडीला आवाज देणारा जॉन मॉरिस हा बालकलाकारच मोठा होऊन इथेही अँडीचा आवाज झालाय. १९९५ साली ज्या मुलांनी पहिला भाग पाहिला तीही एव्हाना घराबाहेर पडली होती. आपल्याकडच्या कित्येक घरांत याच वयाची मुलं शिकायला पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली आणि त्यांच्या कपाटातली खेळणी आयांनी आवरली. या पिढीला तिसरा भाग आपलाच वाटला तर त्यात नवल नाही. असा निरोप झाल्यावर पुन्हा पडदा वर का करायचा, हा त्यांचा प्रश्न मनापासूनचा आहे.

त्यावर काही जण झटकन पैशाचा मुद्दा आणतात. पुढचा भाग म्हणजे धंदा, संपलं. तो मुद्दा मला फार टिकणारा वाटत नाही. दुसरा भाग मुळात थिएटरसाठी नव्हताच, तो थेट व्हिडिओ कॅसेटवर विकायचा होता. नंतर थिएटरचं ठरलं, केलेलं काम पिक्सारच्या माणसांना पसंत पडलं नाही, आणि सुमारे नऊ महिन्यांत त्यांनी तो जवळजवळ नव्याने बनवला. १९९९ साली तो आला आणि चारही भागांत तोच सरस, असं मानणारे चाहते आजही भेटतात. हेतू धंद्याचा असला तरी काम कसं झालं ते वेगळं तपासावं लागतं.

तर चौथा भाग. दिग्दर्शक जॉश कूली. बॉनी आता बालवाडीत जायला लागलीय आणि वूडी कपाटात पडून आहे. ती त्याच्या छातीवरचा शेरीफचा बिल्ला काढून जेसीला लावते. तिसऱ्या भागाच्या चाहत्यांचा सर्वांत मोठा राग इथे आहे. वूडीला जपशील ना, असं अँडीने विचारलं होतं, तिने कबूल केलं होतं, आणि काही काळातच तिने त्याला धूळ खात टाकलं. मग त्या अंगणातल्या निरोपाला अर्थ काय उरला?

मला हा राग समजतो, पण पटत नाही. पहिल्या भागात अँडीने नेमकं हेच केलं होतं. बझ आल्याबरोबर भिंतीवरची चित्रं बदलली, पलंगावरची चादर बदलली, वूडी खोक्यात गेला. आपण अँडीला माफ केलं, कारण सहा वर्षांच्या मुलाने एकाच खेळण्याशी कायम निष्ठा ठेवावी अशी अपेक्षा कोणी करत नाही. बॉनी त्याच्याहूनही लहान आहे. मोठ्यांनी घातलेली अट तिने आयुष्यभर पाळावी, हा हट्ट आपला आहे. तिला तो दिसतही नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. या मालिकेत पहिल्यापासून एक प्रश्न आहे. मूल मोठं झालं की खेळण्याने काय करायचं? दुसऱ्या भागात तो प्रश्न स्टिंकी पीट नावाचा बाहुला विचारतो. अँडी तुला कॉलेजला नेणार आहे का, असं तो वूडीला रोखठोक विचारतो. प्रश्न अगदी रास्त. पण विचारणारा कपटी ठरतो, म्हणून आपल्याला उत्तर द्यावं लागत नाही. तिसऱ्या भागात तोच प्रश्न लॉटसो विचारतो. डेझी नावाच्या मुलीने त्याला विसरून मागे सोडलं, तो धडपडत घरी परतला, तर तिच्या कुशीत दुसरा तसाच लॉटसो. त्याचं दुःख खरं आहे. पण तो क्रूर झालेला आहे, म्हणून पुन्हा उत्तर टळतं. मूल नसतानाही खेळण्याला जगता येईल, हा विचार दोन सिनेमांत दोनदा आला आणि दोन्ही वेळा खलनायकाच्या तोंडी आला.

चौथ्या भागाने तो विचार पहिल्यांदा एका भल्या पात्राच्या हाती दिला. ते पात्र बो पीप. पहिल्या दोन भागांत ती अँडीच्या बहिणीच्या दिव्याखालची चिनी मातीची मेंढपाळीण होती. तिसऱ्या भागाच्या मुख्य गोष्टीत ती नाही. गेलेल्या सोबत्यांची नावं घेताना वूडी तिच्या नावाशी अडखळतो, तेवढाच तिचा उल्लेख. चौथ्या भागात ती एका खेळाच्या मैदानावर भेटते. बिनमालकाची, मोकळी, तिन्ही मेंढ्या बरोबर. एका प्रसंगात तिचा हात खांद्यातून निखळून वूडीच्या हातात येतो आणि वूडी किंचाळतो. ती हसते. हात आधीही तुटलेला असतो, ती पुन्हा चिकटपट्टी गुंडाळते आणि पुढे निघते. दुसऱ्या भागात वूडीची शिवण उसवली होती तेव्हा त्याच्यावर आभाळ कोसळलं होतं, कारण फाटलेलं खेळणं अँडीने घरी ठेवलं होतं. बो पीपला तुटण्याची भीती नाही, कारण कोणी आपल्याला निवडावं अशी तिची गरज नाही.

दुसरीकडे गॅबी गॅबी आहे, जुन्या वस्तूंच्या दुकानातली बाहुली. तिचं बोलण्याचं यंत्र कारखान्यातूनच बिघडलेलं निघालं, म्हणून कोणत्याही मुलीने तिला कधी जवळ घेतलं नाही. तिला वूडीचं यंत्र हवंय. ती इथली खलनायिका असणार, अशी आपली खात्री होते. वूडी ते यंत्र काढून देतो. ते बसवून ती दुकानातल्या मुलीसमोर बोलते, आणि मुलगी तिला परत टाकून देते. इथे सिनेमा वळतो. वूडी तिला सोडून जात नाही. जत्रेत हरवून रडणाऱ्या एका मुलीच्या वाटेवर तिला नेऊन बसवतो, आणि ती मुलगी तिला उचलून छातीशी धरते. स्टिंकी पीटला शिक्षा झाली, लॉटसोला शिक्षा झाली. गॅबीला शिक्षा होत नाही. वूडी इतका बदलला आहे की जिने आपल्याला लुबाडलं तिचीच भूक तो ओळखतो. म्हणून शेवटी तो बॉनीकडे न परतता बोबरोबर राहतो, तेव्हा मला तो अँडीचा विश्वासघात वाटत नाही. पहिल्या भागापासून त्याला बांधून ठेवणारी भीती सुटलेली असते.

असं असूनही रचनेच्या दृष्टीने मी तिसऱ्या भागालाच वरचं स्थान देईन, आणि त्याचं कारण बझ आहे. तिसऱ्या भागात प्रत्येक पात्राला काम आहे, भट्टीतून सुटका होते तीदेखील पहिल्या भागातल्या तीन डोळ्यांच्या परग्रहवासीयांमुळे. चौथ्या भागात बझला स्वतःची बटणं दाबून त्यातल्या साठवलेल्या वाक्यांवर निर्णय घ्यायला लावलंय. पहिल्या भागात आपण खेळणं आहोत हे स्वीकारण्याचं धैर्य दाखवलेल्या बझचं हे रूप मला सलतं. जेसीच्या वाट्याला बिल्ला येतो, पण बोलायला जवळजवळ काहीच येत नाही. वूडी आणि बझ यांचा निरोप व्हायचा असेल, तर त्या दोघांची मैत्री सिनेमाभर समोर असायला हवी होती. ते दोघे बहुतेक वेळ वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि शेवटची मिठी पडद्यावर येते तेव्हा तिच्यामागचं वजन आपल्याला आधीच्या तीन भागांतून आणावं लागतं.

चौथ्या भागाला विरोध करणाऱ्यांनी खरं तर याच जागेवर बोट ठेवायला हवं. बॉनीने वचन मोडलं, हा आक्षेप टिकत नाही. बझला लहान केलं, हा टिकतो.