कोठारातले धान्य कोणाचे?



वसईत तुम्हां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत! संत गोन्सालो गार्सिया याच मातीतले. पूर्वेच्या देशांत त्यांचा व्यापार चांगला चालला होता. तो सोडून ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि १५९७ साली नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांच्या गावी आद्य व मध्ययुगीन ख्रिस्ती विचारांतील गरिबी आणि संपत्तीवर चर्चा व्हावी, याचा आम्हां वसईकरांना फार आनंद आहे.

हा विषय निघाला की मला संत बेसिल आठवतात. इ.स. ३६८च्या सुमारास कप्पदुकियात दुष्काळ पडला. कैसरियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कायसेरीत, धान्य होते. पण ते श्रीमंतांच्या कोठारांत, भाव चढण्याची वाट पाहत कोंडलेले. बेसिल अजून बिशप झाले नव्हते. लूकच्या शुभवर्तमानातील, जुनी कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवंताचा दाखला घेऊन त्यांनी सरळ सांगितले, की तुमच्याजवळ जास्तीचे आहे ते भुकेल्याचेच आहे. दान करा, पुण्य लागेल, एवढ्यावर ते थांबले नाहीत. देता येत असून न देणाऱ्याला त्यांनी चोरांच्या पंक्तीत बसवले. स्वतःची मालमत्ता विकली, भुकेल्यांना जेवू घातले. पुढे शहराबाहेर आजारी, निराधार आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी वसाहतच उभारली.

साडेनऊशे वर्षांनी पुन्हा कोठारांवरूनच वाद पेटला, या खेपेस संत फ्रान्सिसच्या अनुयायांत. मठात धान्य साठवावे का? किती ते वरिष्ठांनी ठरवावे, असा पोप जॉन बाविसावे यांचा हुकूम झाला. तो न मानणाऱ्या चार बंधूंना १३१८ साली मार्सेय येथे जिवंत जाळले. ख्रिस्ताची व प्रेषितांची कसलीच मालमत्ता नव्हती असे हट्टाने म्हणणे हे पाखंड, असा निवाडा १३२३ साली झाला. या चौघांपुढे माझे मस्तक नम्र होते. तरीही माझा कौल बेसिलना आहे. चौघांचा प्रश्न आपल्या हातांत काय असू नये हा होता. बेसिलचा, शेजाऱ्याच्या ताटात काय पडले हा.

अभ्यासकांना हे पटेलच असे नाही. दोन दिवस मोकळेपणाने वाद घाला. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चचे अवशेषही अवश्य पाहा. उद्घाटनासाठी मी अध्यक्षांना विनंती करतो.