कोड सेन्सरचा, दोष कुणाचा?

आज थेट खंबाटकी घाटातून सुरुवात करू. आई-बाबांना घेऊन साताऱ्याला चाललो होतो. अर्ध्या चढावर इंजिनचा दिवा लागला आणि गाडीचा दमच गेला. ॲक्सिलरेटर दाबतोय, पण गाडी ओढेना. मागे ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला, पी ०१९२. "रेल प्रेशर सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." बदलला. साडेसात हजार गेले. आणि चार दिवसांनी परत तोच दिवा, तोच कोड.

इथे माझंच चुकलं. पी ०१९२ म्हणजे 'सेन्सर खराब' असं नाहीच मुळी! सेन्सरकडून ईसीयूला येणारं व्होल्टेज फार कमी आहे, एवढंच तो सांगतो. आता ते कमी का, हे शोधायचं काम आपलं. फोन लागत नाही म्हणून समोरच्याचा हँडसेट बदलायला सांगाल का? रेंजही गेलेली असू शकते ना.

माझ्यासारख्या कॉमन रेल डिझेल गाडीत या सेन्सरला साधारण तीन वायरी असतात. एक ५ व्होल्टचा सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. इग्निशन ऑन, इंजिन बंद, रेलमध्ये प्रेशर नाही, अशा वेळी बऱ्याच गाड्यांत सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसतो. प्रेशर वाढलं की तोही चढतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्कॅनरवर दोनशे बार दाखवत असेल, तर मात्र सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे.

दुसऱ्या गॅरेजातल्या वायरमन काकांनी सेन्सर खोललाच नाही. नुसतं सॉकेट काढलं, इग्निशन ऑन करून मल्टिमीटर लावला. पाच व्होल्ट, बरोबर. मी म्हटलं, "मग काका, सेन्सरच ना?" "थांब की जरा." त्यांनी वायरिंग हळूच हलवलं आणि मीटर शून्यावर! ब्रॅकेटला घासून घासून सप्लायची वायर तुटत आली होती. धक्का बसला की सुटायची, परत टेकायची. नवा जोड, वर स्लीव्ह, बिल तीनशे रुपये.

एक मात्र घरी अजिबात करू नका. इंजिन चालू ठेवून हाय प्रेशर पाइप सैल करायचा आणि 'डिझेल येतंय का' बघायचं, हे काही जण करतात. तिथे प्रेशर हजार बारच्याही वर जातं. बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून सुई टोचल्याएवढंच दिसतं, दुखतही नाही फारसं, पण तेव्हा तडक हॉस्पिटलच गाठायचं.

आणि माझा तो जुना सेन्सर? डिकीत पडलाय. एकदम चालू आहे.