छापील लेबल की शिक्का?



आपल्यापैकी अनेक घरी आज भाजणी, मेतकूट, लोणची विक्रीसाठी होतात. आमच्याही घरी होतात. माल चोख असूनही पुडीवरील मजकुराच्या बाबतीत आमचे पाऊल चुकले, ते आपणांपुढे मांडतो.

आरंभी काटकसर म्हणून आम्ही आतल्या आत शाई घेणारा शिक्का आणला. कागदी पुडीवर तो झकास उठे. परंतु त्याची शाई पाण्यात कालवलेली. कागद ती शोषून घेतो, प्लास्टिक घेत नाही. ऐन दिवाळीत भाजणीच्या पिशव्यांवरील तारीख ग्राहकांच्या बोटांस लागली व पंचवीस पिशव्या परत आल्या. भाजणी ताजीच होती. पण ती तशी आहे हे सिद्ध कशाने करावयाचे?

मग त्वेषाने किमतीसकट दोन हजार लेबले छापली. डाळी महागल्या आणि निम्मी लेबले रद्दीत गेली!

आता नाव, घटक, पत्ता आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक एवढेच छापतो. लेबलाचा एक कोपरा कोरा व बिनचकाकीचा ठेवावयास मुद्रकास बजावतो. तेथे तारीख, खेपेचा क्रमांक व किंमत शिक्क्याने उठवतो. रोज सकाळी तारखेची चाके फिरविणे सासूबाईंकडे आहे. त्यांची चूक झाल्याचे स्मरत नाही.

लोणच्याच्या बरणीस मात्र तेलाचा हात लागतोच. तेथे प्लास्टिकचे लेबल लावून तारीख पक्क्या शाईच्या लेखणीने लिहितो. आणि शिक्का मारताच पुड्या एकीवर एक रचू नयेत. शाई वाळू द्यावी.